जाहीर इशारा : १५ ऑगस्टनंतर बिलाशिवाय एकही गोळी नाही

हा इशारा संग्रामपूर तालुक्यातल्या प्रत्येक औषध दुकानदाराला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयाला आहे. बुलढाण्यात बसून या तालुक्यातल्या औषधांवर देखरेख ठेवण्याची ज्यांची जबाबदारी आहे, त्या अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनाही आहे. मुदत १५ ऑगस्ट २०२६. त्या दिवसापर्यंत चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला बॅच नंबरसह पक्कं बिल मिळालं पाहिजे, काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर दिसला पाहिजे आणि सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक यंत्राची नोंद भिंतीवर लागली पाहिजे. तसं झालं नाही तर पुढे काय करणार, तेही इथेच लिहून देतो, म्हणजे नंतर कुणी आम्हाला कल्पना नव्हती असं म्हणायला नको.

आमच्या तालुक्याला उशीर परवडत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणावी लागली ती याच पाण्यापायी. किडनीच्या आजारानं गेलेली माणसं इथल्या गावागावांत आहेत. डायलिसिससाठी शेगाव, खामगाव, अकोला गाठणारे लोक सकाळच्या एसटीत लगेच ओळखू येतात. मनगटाच्या वर फिस्तुलाची शीर फुगलेली असते आणि उन्हाळ्यातही बाही खाली ओढलेली असते. त्यातले काही चाळिशीचेही नसतात.

आणि याच तालुक्यात रोज संध्याकाळी काय विकलं जातं ते बघा. निंदणाची, वेचणीची मजुरी हातात आली की बाई दुकानापुढे थांबते. "भाऊ, आंग लय दुखून रायलं, दोन टाइमाच्या गोया द्या." काउंटरवरचा पोरगा कात्री घेतो, पट्टीच्या दोन गोळ्या कापतो, डब्यातली एक सुटी पिवळी गोळी टाकतो, एक कॅप्सूल टाकतो आणि वहीच्या फाडलेल्या पानात पुडी बांधतो. वीस-तीस रुपये होतात. चिठ्ठी कुणी मागत नाही, बिल कुणी देत नाही. पट्टीच्या ज्या टोकावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते ते टोक खणात राहतं किंवा कचऱ्यात जातं. घरी पोचलेल्या पुडीवर औषधाचं नावही नसतं. आठ दिवसांनी तीच बाई परत येते, कारण गोळीनं बरं वाटलेलं असतं.

त्या पुडीत बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असतं. किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या उघड्या ठेवण्याचं काम शरीरातली काही द्रव्यं करतात, आणि वेदनाशामक गोळी त्याच द्रव्यांना अडवते. धडधाकट माणूस, भरपूर पाणी पिणारा, दोन दिवस घेईल तर निभावून नेईल. दिवसभर उन्हात राबून घामानं सुकलेली बाई, जिची किडनी आधीच अधू आहे आणि जिला ते ठाऊकही नाही, तिनं महिनोन् महिने हीच गोळी खाल्ली तर काय उरणार? सुटी पिवळी गोळी डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असेल, तर दुखणं झटकन थांबतं आणि साखर, रक्तदाब मात्र चढत जातात. ही सगळी औषधं शेड्यूल एचमध्ये मोडतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, हे दुकानदाराला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते पट्टीवरच छापलेलं असतं.

हाच माणूस कृषी केंद्रावर कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा पक्कं बिल मागतो आणि त्यावर लॉट नंबर आहे का ते बघतो. उगवण झाली नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची, हे त्याला कळतं. पोटात जाणाऱ्या गोळीसाठी तोच माणूस गप्प बसतो, आणि दुकानदार त्याच्या गप्प बसण्यावर धंदा करतो. हे आता बंद व्हायला हवं.

बॅच नंबरसाठी एवढा हट्ट कशाला, असं एखाद्याला वाटेल. त्यानं मागच्या वर्षीचं छिंदवाडा आठवावं. सातपुड्यातच, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबरात लहान मुलं सर्दी-खोकल्यानं आजारी पडली, कोल्ड्रिफ नावाचं सिरप प्यायली आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. वीसहून जास्त मुलं गेली. त्यातली कितीतरी आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत गेली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं तपासलं तेव्हा त्या बाटलीत ४८.६ टक्के डायइथिलिन ग्लायकॉल निघालं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. ५ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर केलं की एसआर-१३ या बॅचची बाटली कुणाकडे असेल तर वापरू नका, कळवा.

आता सोनाळा, टुनकी, पातुर्डा, वानखेड, बावनबीर, कुठल्याही गावातली एक आई डोळ्यापुढे आणा. तिच्या कपाटात अर्धी वापरलेली बाटली आहे. दुकानदाराकडे ठोक विक्रेत्याचं बिल नसेल, तर आपण ती बॅच विकली की नाही हे त्याला सांगता येणार नाही. त्यानं गिऱ्हाइकाला बिल दिलं नसेल, तर बाटली कुणाच्या घरी गेली हे शोधता येणार नाही. सरकारी इशारा मुंबईहून निघतो, पेपरात छापून येतो आणि आमच्या तालुक्यात येऊन संपतो, कारण त्याच्या पुढची वाट कागदावर नाही. ती बॅच आमच्याकडे आली होती असं मी म्हणत नाही. आली असती तर तिला पकडायचं साधन आमच्याकडे नव्हतं, आणि आजही नाही.

हेच विष महाराष्ट्रानं चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण किडनी निकामी होऊन गेले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायइथिलिन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं औषध खरेदी, तपासणी आणि प्रशासनातली साखळी उघडी पाडली, आणि त्यात आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. लेंटिन अहवालाचं नाव घेतलं की आजही अधिकारी सावध होतात. सावध होण्यानं भागत नाही. अहवाल ज्या नोंदींसाठी झगडला त्या नोंदी तालुक्याच्या दुकानात ठेवल्या जातात का, हा आमचा प्रश्न आहे.

सरकारी दवाखान्यातलं औषध सुरक्षित असतं, असंही कुणी समजू नये. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या नमुन्यात औषधच नव्हतं. पोलिसांनी २०२४ मध्ये दोषारोपपत्र दाखल केलं तेव्हा कळलं की गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, हरिद्वारच्या जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बनल्या होत्या आणि अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत पोचल्या होत्या. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातलं अझिथ्रोमायसिनचं प्रकरण बाहेर आलं. एका औषध निरीक्षकानं नमुना घेतला म्हणून कळमेश्वरचा प्रकार उघड झाला. आमच्या तालुक्यातून शेवटचा नमुना कधी घेतला, कोणत्या दुकानातून आणि कोणत्या आरोग्य केंद्रातून घेतला, त्याचा अहवाल काय आला, हे बुलढाण्याच्या कार्यालयानं १५ ऑगस्टच्या आत जाहीर करावं.

फार्मासिस्टचं बोलायलाच हवं. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ शकत नाही. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर दुसराच, ही सर्टिफिकेट भाड्यानं देण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. सर्टिफिकेटचा मालक अकोल्यात किंवा पुण्यात नोकरी करतो आणि महिन्याच्या महिन्याला पैसे घेतो. ज्या पोराचा दहावीनंतर औषधाशी संबंध आला नाही, तो चिठ्ठी वाचून इन्सुलिनची बाटली काढून देतो. नोंदणी नसलेल्या माणसांनी औषध देणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्या प्रकरणात बजावलं. महाराष्ट्रात महेश झगडे २०११ पासून अन्न व औषध आयुक्त असताना बिल आणि फार्मासिस्ट यांवर कडक अंमलबजावणी झाली होती. दुकानं बंद ठेवून विरोध झाला, तरी परवाने निलंबित होत राहिले. म्हणजे ठरवलं तर हे जमतं. नियम नवा लागत नाही, आहे तो वापरायचा असतो.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. तालुक्यात प्रामाणिक दुकानदार आहेत. रात्री-बेरात्री शटर उघडून औषध देणारे आहेत, उधारीवर देणारे आहेत, चिठ्ठी नसेल तर हात जोडून परत पाठवणारे आहेत. शेजारच्या दुकानात कापलेल्या गोळ्यांची पुडी मिळते म्हणून त्यांचं गिऱ्हाईक तुटतं. हा इशारा त्यांच्या बाजूनं आहे आणि त्यांनी उघडपणे पुढं यावं.

फ्रीजकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून त्याचंही सांगतो. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि त्याच दिवसांत वीज तासन् तास जाते. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजचं तापमान ई-विन यंत्रणेतून सतत नोंदलं जातं, बिघाड झाला की संदेश जातो. ही चांगली गोष्ट आहे, आणि खेड्यातल्या फ्रीजवर नजर ठेवता येते याचा तो पुरावाही आहे. मग औषध दुकानातल्या फ्रीजमध्ये साधा थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा लिहायची वही ठेवायला काय अडचण आहे? इन्सुलिन तापलं की गेलं, आणि बाटलीकडे बघून ते कळतही नाही. रुग्ण मात्र सुई टोचत राहतो, आणि साखर का उतरत नाही हे डॉक्टरलाही उमगत नाही.

आता यंत्रं. सरकारनं देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजदाद केली तेव्हा २९ राज्यांत ७ लाख ५६ हजार ७५० यंत्रं सापडली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी. त्यातली राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद होती. त्यावर २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातून देखभालीचा कार्यक्रम आला. प्रत्येक यंत्राला ओळख क्रमांक, तक्रारीला टोल फ्री नंबर, आणि अट अशी की जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, सामुदायिक आरोग्य केंद्रातली ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के.

कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात एका आरोग्य केंद्रात पाहिलेलं यंत्र सांगतो, केंद्राचं नाव घेत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, अंगावर चादर टाकलेला, त्यावर रिकामी खोकी रचलेली. चादर उचलली तर स्टिकर होतं, पण त्यावरची तारीख पुसलेली. चालू आहे का असं विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही, कारण सुरू करून पाहण्याचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. कोविडमध्ये औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी ११३ सदोष निघाले आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, आणि चौकशीत वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलकडे बोट दाखवलं गेलं. बिघडलेलं यंत्र पडून राहिलं तर उपयोगाचं नसतं; बिघडलेलंच चालवलं तर जीव घेतं. दोन्ही टाळायला आधी ते कुठं आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे माहीत असावं लागतं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि वरवट बकालच्या रुग्णालयात, बाहेरच्या भिंतीवर, ओपीडीत बसलेल्या माणसाला वाचता येईल असा फलक लावा. त्यावर यंत्राचं नाव, ओळख क्रमांक, कधी मिळालं, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आज चालू की बंद, आणि बंद असेल तर तक्रार कोणत्या तारखेला केली. दर महिन्याला रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तो फलक बदलला गेला पाहिजे. खर्च एका फ्लेक्सचा. त्याच फलकाशेजारी औषधसाठ्याचा फलक हवा. औषध निर्माण अधिकाऱ्याच्या संगणकात ई-औषधीवर साठा दिसतो, तो रुग्णालाही दिसू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तरी "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडते, आणि माणूस पुन्हा त्याच कात्रीपुढे जाऊन उभा राहतो.

१५ ऑगस्टला गावोगावच्या ग्रामसभांत ठराव येईल: बिल न देणाऱ्या दुकानातून गावानं औषध घेऊ नये. हा बहिष्कार शांतपणे पाळायचा आहे. कुणी कुणाच्या दुकानावर चाल करून जाणार नाही, कुणी आवाज चढवणार नाही. तसं करणारा आमचा नाही.

त्यापुढची कारवाई कायद्यानं होईल. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कुणीही नागरिक स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि अहवाल मिळवू शकतो. आम्ही तालुक्यातल्या दुकानांतून औषधं विकत घेऊन पाठवू. फीचे पैसे वर्गणीतून जमतील. अहवाल वाईट आला तर कलम ३२ नुसार ज्याचं नुकसान झालं तो माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः न्यायालयात जाऊ शकते. सरकारी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. भाड्यानं दिलेल्या सर्टिफिकेटची तक्रार थेट महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेकडे जाईल, सर्टिफिकेट क्रमांकासह, कारण तो भिंतीवरच लावलेला असतो. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांचं रजिस्टर, ज्यात रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं, ते कुणी ठेवतं का याची तपासणी करावी म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे प्रत्येक दुकानासाठी वेगळा अर्ज पडेल. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रेच्या निमेसुलाइड गोळ्यांवर बंदी घातली. त्यांचा जुना साठा कुठल्या दुकानातून परत गेला आणि कुठल्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या पोटात गेला, हेही विचारलं जाईल.

आरोग्य केंद्रांसाठी माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवस. एका केंद्रासाठी एक अर्ज असा हिशेब धरला आहे, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपणार नाही.

केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री प्रतापराव जाधव बुलढाण्याचे खासदार आहेत. औषधाच्या कायद्याचं मंत्रालय आणि किडनीनं पोखरलेला तालुका, दोन्ही त्यांच्याच खात्यात आणि मतदारसंघात येतात. त्यांच्याकडून भाषण नको. संग्रामपूर तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाची आणि प्रत्येक यंत्राची तपासणी मुदतीच्या आत करून तिचा अहवाल लोकांपुढे ठेवावा, एवढं एकच पत्र त्यांनी संबंधितांना लिहावं.

गावकऱ्यांना सांगायचं ते थोडकं आहे. बिल मागा. पट्टी कापायचीच असेल तर मुदत आणि बॅच छापलेलं टोक आपल्याकडे घ्या, किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढा. अंगदुखीची गोळी रोज लागत असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे; औषधानं त्रास झाला तर १८००१८०३०२४. घरात पुड्या साठल्या असतील तर त्या खाऊ नका, फेकूही नका. कोणत्या दुकानातून आणि केव्हा आणल्या ते कागदावर लिहून ग्रामसभेला येताना सोबत आणा.

१५ ऑगस्टला शनिवार आहे. सोमवारी १७ तारखेला तिसरा सोमवार, म्हणजे तहसीलचा लोकशाही दिन. त्या दिवसाचे अर्ज पंधरा दिवस आधी द्यावे लागतात, म्हणून ते जुलै संपण्याच्या आत दाखल होतील, दुकान आणि केंद्र यांच्या नावानिशी. ज्यांनी मुदतीत सुधारणा केली त्यांचा अर्ज मागे घेतला जाईल. बाकीच्यांनी १७ तारखेला सकाळी तहसीलमध्ये खरेदीची बिलं, एच-१ रजिस्टर आणि फार्मासिस्ट घेऊन हजर राहावं.